घराजवळच्या पाण्यात कयाकवरून (वल्ह्याने चालवायच्या अरुंद, लहान होडीवरून) मासेमारी आणि इंधनाची बचत : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जवळच्या पाण्यावर गेल्याने इंधन खरोखरच लक्षणीय वाचते का?

वाचते, मात्र ही बचत किलोमीटरमध्ये मोजण्यापेक्षा पाण्यावर काढलेल्या प्रत्येक तासाला किती इंधन लागले, या हिशेबाने मोजावी. समजा, आपली गाडी एका लिटरमध्ये 15 किलोमीटर जाते. 90 किलोमीटरवरच्या मोठ्या जलाशयावर जाऊन परत येण्यासाठी 180 किलोमीटर, म्हणजे 12 लिटर इंधन लागते, आणि प्रवासाचा वेळ वजा जाता प्रत्यक्ष गळ टाकायला सहा तास मिळाले, तर तासाला दोन लिटर पडले. त्याउलट 6 किलोमीटरवरच्या तळ्यावर जाण्यायेण्यास 12 किलोमीटर, म्हणजे 0.8 लिटर लागते. तेथे दोनच तास मिळाले तरी तासाला 0.4 लिटर पडते.

येथे एक बाब प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. लहान अंतरावर इंजिन पुरते तापण्याआधीच आपण पोहोचतो, आणि थंड इंजिन प्रत्येक किलोमीटरला जास्त इंधन खाते. त्यामुळे 0.8 लिटरच्या जागी 1 लिटर धरणे अधिक योग्य ठरेल. तरीही तासाचा हिशेब अर्धा लिटरच येतो, म्हणजे दूरच्या सहलीच्या चौथा भाग. दूरच्या सहलीत वाटेतले खाणेपिणे, मुक्काम आणि थकवा यांची भर पडते, ती यात धरलेलीच नाही.

कयाक गाडीच्या टपावर बांधल्याने इंधन जास्त लागते का?

हो, आणि वेग वाढेल तसे ते झपाट्याने वाढते. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्यामुळे ताशी 60 किलोमीटरवरून 90 वर गेल्यास तो सव्वादोन पट होतो. अमेरिकेच्या ऊर्जा विभागाच्या माहितीनुसार टपावरील मोठ्या, बोथट आकाराच्या सामानपेटीमुळे शहरातील वाहतुकीत इंधनक्षमता 2 ते 8 टक्के घटते, तर जलदगती महामार्गावर हीच घट 10 ते 25 टक्क्यांपर्यंत जाते. कयाकचा आकार पेटीइतका बोथट नसतो, हे खरे. तरी दिशा तीच आहे. जवळच्या रस्त्यांवर वेग मुळातच कमी असतो, म्हणून टपावरील ओझ्याचा भुर्दंडही कमी बसतो.

सहलीहून परतल्यावर टपावरचे दांडे काढून ठेवण्याची सवय लावावी, कारण रिकामे दांडेही आठवडाभर इंधन खात राहतात. कयाक बांधताना दोन पट्ट्यांखेरीज पुढच्या टोकाला एक दोर अवश्य असावा.

‘जवळ’ म्हणजे नेमके किती अंतर?

माझी कसोटी अंतराची नसून वेळेची आहे. घरातून निघाल्यापासून वल्हे पाण्यात पडेपर्यंत पाऊण तासापेक्षा जास्त वेळ लागत नसेल, तर ते पाणी जवळचे. या पाऊण तासात कयाक टपावर चढवणे, उतरवणे आणि सामान लावणे हेही येते. जे पाणी या मर्यादेत बसते, तेथे माणूस कामाच्या दिवशीही पहाटे किंवा संध्याकाळी जाऊ शकतो.

घराजवळच्या लहान तळ्यात धरण्याजोगे मासे असतात का? मोठे मासे दूरच मिळतात, असे सर्वजण म्हणतात.

हा सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न आहे, आणि मोठे मासे दूरच मिळतात ही समजूत मला अपुरी वाटते. माशाच्या वाढीसाठी अन्न, प्राणवायू आणि आसरा लागतो. तळे रस्त्यापासून किती दूर आहे, याच्याशी त्याचा संबंध नसतो. उथळ, वनस्पतींनी भरलेली लहान तळी अनेकदा खोल आणि स्वच्छ जलाशयांपेक्षा अधिक अन्न निर्माण करतात, कारण सूर्यप्रकाश तळापर्यंत पोहोचतो. लहान तळ्यांवर मासे मिळत नाहीत, याचे कारण बहुतेक वेळा असे असते की काठावरून जेथे गळ पोहोचतो तेथे मासे नसतात, आणि जेथे मासे असतात तेथे काठावरून गळ पोहोचत नाही. लव्हाळ्यांची आतली बाजू, पाण्यात पडलेल्या झाडाचा पलीकडचा भाग, दलदलीमागचा कोपरा, ओढा येऊन मिळतो ते तोंड, या जागा कयाकला खुल्या होतात. कयाकला तरंगायला वीतभर पाणी पुरते.

अशा पाण्याचे वाचन करताना काही गोष्टी ध्यानात घ्याव्यात. वारा एकाच दिशेने बराच वेळ वाहिला की पृष्ठभागावरचे सूक्ष्म जीव त्या दिशेच्या काठाकडे सरकतात, त्यांच्यामागे लहान मासे आणि लहानांमागे मोठे मासे येतात. म्हणून वारा ज्या काठावर आदळतो तो काठ आधी पाहावा. उन्हाळ्यात स्थिर पाण्याचे थर पडतात आणि वनस्पती कुजून तळाच्या थरातला प्राणवायू संपतो. अशा वेळी तळ्यातली सर्वांत खोल जागा सर्वांत चांगली असेल असे गृहीत धरून तळाशी आमिष सोडणारा माणूस रिकाम्या पाण्यात गळ टाकून बसलेला असतो.

पहाटेची वेळ उत्तम, हा नियमही सरसकट लागू पडत नाही. दाट पाणवनस्पती असलेल्या उबदार तळ्यात रात्रभर वनस्पतीही प्राणवायू वापरतात आणि तो सूर्योदयाच्या सुमारास सर्वांत कमी होतो. अशा तळ्यावर ऊन पडून तास-दीड तास झाल्यावर मासे आमिष घेऊ लागलेले मी अनेकदा पाहिले आहेत. वाहत्या किंवा थंड पाण्यात मात्र पहाट खरोखरच चांगली असते.

असे पाणी शोधायचे कसे?

नकाशावर घराभोवती दहा किलोमीटरचे वर्तुळ काढावे आणि उपग्रहाची चित्रे पाहत त्यातला प्रत्येक निळा ठिपका तपासावा. जुन्या खाणींत साठलेले पाणी, कालव्यांचे रुंद भाग, नदीचे डोह, बंधाऱ्यांच्या वरची शांत पात्रे आणि खाडीचे फाटे या जागांकडे सहसा कोणी लक्ष देत नाही. वेगवेगळ्या ऋतूंतली चित्रे उपलब्ध असल्यास पाणी ओसरल्यानंतरचे चित्र जपून ठेवावे. तळाचे उंचवटे आणि जुन्या प्रवाहाची वाट त्यात उघडी पडलेली दिसते. त्यानंतर कयाक न घेता एकदा चालत जाऊन पाणी पाहून यावे. कयाक उतरवण्यासाठी सौम्य उताराचा काठ आहे का, गाडी कोठे उभी राहील आणि ती जागा कोणाच्या मालकीची आहे, हे प्रत्यक्ष गेल्याशिवाय कळत नाही.

परवानगी लागते का?

प्रत्येक पाण्याचा कोणी ना कोणी मालक किंवा व्यवस्थापक असतो. मासे धरण्याचा परवाना आणि होडी उतरवण्याची परवानगी या दोन स्वतंत्र गोष्टी असू शकतात. पिण्याच्या पाण्याच्या साठ्यांवर होडीला अनेक ठिकाणी मनाई असते, आणि प्रजननाच्या काळात मासेमारी बंद ठेवली जाते. स्थानिक नियम आधी विचारून घ्यावेत, कारण जवळच्या पाण्यावर आपल्याला वर्षानुवर्षे जायचे असते.

कोणती कयाक निवडावी?

ज्या कयाकवर बाहेर मोकळे बसायचे असते, ती सिट-ऑन-टॉप प्रकारची कयाक मासेमारीसाठी बहुतेकांना सोयीची पडते. तिच्या तळाला आरपार छिद्रे असल्यामुळे वर आलेले पाणी आपोआप निघून जाते, आणि उलटल्यास पाण्यातूनच पुन्हा वर चढता येते. आत बसायच्या कयाकमध्ये पाणी शिरले तर ते उपसावे लागते. साधारण 3 ते 3.6 मीटर लांबी आणि 75 ते 90 सेंटीमीटर रुंदी ही लहान पाण्यासाठी सोयीची मापे आहेत. रुंदी वाढली की स्थैर्य वाढते आणि वेग कमी होतो. जवळच्या पाण्यात अंतर फार कापायचे नसल्यामुळे स्थैर्याला प्राधान्य द्यावे.

तरीही माझ्या मते निवडीतला निर्णायक घटक वजन हाच आहे. पायांनी चालवायच्या यंत्रणेच्या कयाकमध्ये हात मोकळे राहतात, हा मोठा लाभ असला तरी सर्व साहित्यासह तिचे वजन 40 ते 50 किलोंवर सहज जाते. ती एकट्याने टपावर चढवणे कष्टाचे असते, आणि जी कयाक बाहेर काढायचाच कंटाळा येतो ती घराच्या भिंतीला टेकून राहते. कामावरून परतलेल्या थकल्या अंगाने एकट्याला उचलता येईल, अशीच कयाक घ्यावी. उत्पादकाने दिलेल्या कमाल भारापैकी निदान चौथा हिस्सा मोकळा ठेवावा, म्हणजे कयाक पाण्यात फार खाली बसणार नाही.

गाडी न वापरता कयाक पाण्यापर्यंत नेता येईल का?

पाणी दोन-तीन किलोमीटरच्या आत असेल तर नक्कीच. दोन चाकांची लहान हातगाडी कयाकच्या मध्याखाली किंवा मागच्या टोकाखाली पट्ट्यांनी बांधली की 25 किलोंची कयाक सपाट रस्त्यावर एका हाताने ओढता येते. चाके मोठी आणि हवा भरलेली असावीत. लहान कडक चाके वाळूत आणि चिखलात रुततात. सायकलला जोडण्याचे दांडेही मिळतात, मात्र मागे लांबवर आलेले टोक इतरांना दिसावे म्हणून त्यावर रंगीत फडके आणि अंधारात दिवा लावणे आवश्यक आहे.

दुसरा मार्ग घडीच्या किंवा हवा भरायच्या कयाकचा. म्युनिकमधील वास्तुकलेचे विद्यार्थी आल्फ्रेड हॉयरिश यांनी 1905 मध्ये घडीची कयाक तयार केली, 1907 मध्ये योहान क्लेपर यांनी तिचे हक्क विकत घेऊन उत्पादन सुरू केले, आणि त्या काळी लोक ही कयाक पिशव्यांत भरून रेल्वेने नदीवर जात असत. मोटारीवाचून कयाक नेण्याची ही पद्धत शंभर वर्षांहून जुनी आहे. हवा भरायच्या कयाकमध्ये मात्र किमान तीन स्वतंत्र कप्पे असावेत आणि गळ नेहमी झाकणाच्या डबीत ठेवावेत.

पाणी ओळखीचे आणि घराजवळचे असताना जीवरक्षक जाकीट घालणे खरोखर गरजेचे आहे का?

गरजेचे आहे, आणि याला कोणताही अपवाद करू नये. ओळखीच्या पाण्यात माणूस निष्काळजी होतो. काठ पन्नास मीटरवर दिसत असतो, तेव्हा पोहून जाऊ असे वाटते; पण कपडे, बूट, पायात अडकलेली दोरी आणि पाणवनस्पती यांनी ते अंतर पार करणे कठीण होते. 50 न्यूटन उत्प्लावकतेचे जाकीट पोहता येणाऱ्यांसाठी आणि मदत जवळ असलेल्या शांत पाण्यासाठी असते, तर 100 न्यूटनचे जाकीट भान हरपलेल्या माणसाचे तोंड पाण्यावर ठेवण्याच्या दृष्टीने बनवलेले असते. जाकीट मागे बांधून ठेवण्यात काही अर्थ नाही, कारण पाण्यात पडल्यावर ते घालता येत नाही.

थंड पाण्याबाबत विशेष सांगणे आवश्यक आहे. 15 अंश सेल्सिअसपेक्षा कमी तापमानाच्या पाण्यात अचानक पडल्यास श्वास अनावर होतो आणि त्या धापेत पाणी नाकातोंडात जाते. मॅनिटोबा विद्यापीठातील गॉर्डन गिसब्रेख्ट यांनी शिकवलेले ‘1-10-1’ हे सूत्र लक्षात ठेवण्यासारखे आहे : श्वासावर ताबा मिळवायला एक मिनिट, हातपाय कामाचे राहण्याची सुमारे दहा मिनिटे, आणि शरीर गारठून शुद्ध हरपण्यापूर्वी सुमारे एक तास. या दहा मिनिटांत पुन्हा कयाकवर चढता आले पाहिजे. म्हणूनच उबदार दिवशी, काठाजवळ आणि सोबत्याच्या देखत मुद्दाम उलटून पुन्हा चढण्याचा सराव करावा. कपडे हवेच्या नव्हे, तर पाण्याच्या तापमानाला साजेसे घालावेत.

वाऱ्याचा अंदाज कसा घ्यावा?

कयाक वल्हवणाऱ्याचा साधारण वेग ताशी 4 ते 5 किलोमीटर असतो, त्यामुळे वाऱ्यापुढे आपली ताकद फार नाही, हे मान्य करूनच निघावे. वाऱ्याचा जोर मोजण्याच्या बोफर्ट श्रेणीत तिसऱ्या पायरीवर, म्हणजे ताशी 12 ते 19 किलोमीटर वाऱ्यात, पाण्यावर तुरळक पांढरे तुरे दिसू लागतात. चौथ्या पायरीवर, ताशी 20 ते 28 किलोमीटरला, ते बऱ्याच ठिकाणी दिसतात. नवख्याने तुरळक तुरे दिसताच काठ गाठावा. जाताना वाऱ्याच्या विरुद्ध आणि येताना वाऱ्यासोबत, हा क्रम पाळावा, म्हणजे थकलेल्या वेळी वारा मदत करतो.

समुद्रकिनाऱ्यावर आणि खाडीच्या मुखाशी मतलई वाऱ्यांची विशेष काळजी घ्यावी. रात्री आणि पहाटे जमिनीकडून समुद्राकडे वाहणारा हा वारा किनाऱ्याजवळ पाणी शांत ठेवतो, त्यामुळे धोका दिसत नाही. पण कयाक आत आत जात राहते आणि परतीची वाट विरुद्ध वाऱ्याची होते. दुपारचे खारे वारे किनाऱ्याकडे ढकलत असले तरी लाटा उठवतात.

जवळच्या पाण्याचा मोठा लाभ येथेच दिसतो. दूरवर जाऊन बारा लिटर इंधन जाळलेला माणूस वारा वाढला तरी पाण्यात उतरण्याचा मोह आवरत नाही. सहा किलोमीटरवरून आलेला माणूस मात्र पाण्याकडे पाहून सहज परत फिरू शकतो.

नांगर कसा वापरावा?

लहान पाण्यात सुमारे दीड किलोचा घडीचा नांगर पुरतो. तो कयाकच्या बाजूला कधीही बांधू नये; बाजूने ओढ बसली की कयाक कलते आणि उलटू शकते. पुढच्या किंवा मागच्या टोकाकडे सरकवता येणारी दोरीची फिरती योजना करावी आणि दोरी पाण्याच्या खोलीच्या निदान तिप्पट सोडावी. दोरी कापण्यासाठी सुरी हाताशी, जाकिटालाच अडकवलेली असावी. वेगाने वाहणाऱ्या पाण्यात नांगर टाकूच नये.

नदीत आणि बंधाऱ्यांजवळ काय काळजी घ्यावी?

कमी उंचीचा बंधारा वरून निरुपद्रवी दिसतो, परंतु त्याच्या पायथ्याशी पाणी सतत मागे वळून फिरत राहते आणि त्यात सापडलेली वस्तू किंवा माणूस सहज बाहेर पडत नाही. अशा बंधाऱ्याच्या वरच्या आणि खालच्या अशा दोन्ही बाजूंपासून दूर राहावे. वर धरण असल्यास पाणी सोडण्याच्या वेळा आधी माहीत करून घ्याव्यात. प्रवाहात जाताना वल्ह्याची दोरी अंगाला किंवा कयाकला बांधू नये, कारण ती फांद्यांत अडकते. स्थिर पाण्यात ती जरूर बांधावी.

खाडीत भरती-ओहोटीचा हिशेब कसा करावा?

अनेक किनाऱ्यांवर दोन भरतींमध्ये सुमारे 12 तास 25 मिनिटांचे अंतर असते, त्यामुळे भरतीची वेळ रोज सुमारे 50 मिनिटे पुढे सरकते. पाणी सहा तास सारख्या वेगाने चढत नाही : पहिल्या तासात एकूण चढाचा बारावा भाग, दुसऱ्यात दोन भाग, तिसऱ्या आणि चौथ्यात प्रत्येकी तीन, मग पुन्हा दोन आणि एक, असा ढोबळ नियम आहे. म्हणजे मधल्या दोन तासांत निम्मे पाणी हलते आणि ओढही तेव्हाच सर्वांत जास्त असते. भरतीसोबत आत जाऊन ओहोटीसोबत बाहेर येणे सोयीचे पडते, मात्र फाट्यांच्या टोकाला रेंगाळल्यास ओहोटीत कयाक चिखलात रुतून बसते. उधाणाच्या दिवसांत (अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास) ओढ जास्त आणि भांगाच्या दिवसांत (अष्टमीच्या सुमारास) कमी असते, म्हणून सुरुवात भांगाच्या दिवसांत करावी.

मासे दाखवणारे सोनार यंत्र घ्यावे का?

लहान तळ्यासाठी मी ते आधी घेण्याचा सल्ला देणार नाही. दर मीटरला गाठ मारलेली दोरी आणि तिच्या टोकाला वजन, एवढ्यावर दोन-तीन सकाळी खर्च केल्या तर तळ्याच्या खोलीचा नकाशा कागदावर उतरतो. वजन वर येताना त्याला लागलेला चिखल, वाळू किंवा शेवाळ तळाची जात सांगते.

एकाच पाण्यावर वारंवार गेल्याने मासे कमी होत नाहीत का?

होऊ शकतात, आणि ही जबाबदारी गंभीरपणे घेतली पाहिजे. लहान तळ्यातले मोठे, अंडी देणारे मासे संख्येने मोजकेच असतात. आठवड्यात तीनदा जाणाऱ्या माणसाने प्रत्येक वेळी ते घरी नेले तर एका हंगामात फरक दिसतो. खाण्यापुरते मध्यम मासे ठेवावेत आणि मोठे सोडून द्यावेत. सोडायच्या माशासाठी टोकाजवळचा उलटा काटा चेपलेला गळ वापरावा, हात ओले करावेत, म्हणजे त्याच्या अंगावरचा संरक्षक थर खरवडला जात नाही, आणि शक्य तोवर मासा पाण्यातच ठेवून गळ काढावा. कार्पसारखे मासे एकदा गळाला लागून सुटले की बराच काळ तसले आमिष टाळतात. म्हणून दोन-तीन पाणवठे आलटून-पालटून वापरणे माशांच्याही हिताचे आणि आपल्याही.

मात्र एका पाण्यातून दुसऱ्या पाण्यात जाताना कयाक, दोर आणि नांगर धुऊन, पाणी पूर्ण काढून, वाळवूनच न्यावेत. झेब्रा शिंपल्यासारखे परके जीव अशाच ओल्या साहित्यातून नव्या तळ्यांत पोहोचले आहेत. उरलेले जिवंत आमिषही पाण्यात सोडू नये.

नोंदवही ठेवण्याचा काय उपयोग?

दिनांक, वेळ, वाऱ्याची दिशा, पाण्याचे तापमान, पाण्याचा गढूळपणा, जागा, आमिष आणि लागलेला मासा एवढेच लिहावे. रिकाम्या हाताने परतलेल्या दिवसाची नोंदही तितक्याच काळजीने करावी. दूरच्या पाण्यावर वर्षातून चारदा जाणाऱ्याकडे चार नोंदी होतात, जवळच्या पाण्यावर जाणाऱ्याकडे शंभर. एका वर्षानंतर ती वही उघडली की ईशान्येचा वारा असताना कोणता काठ धरायचा, हे तीच सांगते. याच वहीत गाडीने गेलेले किलोमीटर आणि लागलेले इंधनही लिहावे.

मग दूरच्या सहली पूर्णपणे बंद कराव्यात का?

तशी आवश्यकता नाही. वर्षातून एक-दोन सहली ठरवून कराव्यात, त्यासाठी सोबती गोळा करावेत आणि दोन कयाक एकाच गाडीवर न्याव्यात. म्हणजे माणशी इंधन निम्मे होते आणि पाण्यावर एकटे राहण्याचा धोकाही टळतो. मुक्काम दोन-तीन दिवसांचा ठेवल्यास तासामागचा इंधनाचा हिशेबही सुधारतो : तेच 12 लिटर सहाऐवजी अठरा तासांवर विभागले गेले, तर तासाला पाऊण लिटरच्याही खाली येतात, आणि दोघांत वाटले तर माणशी एक तृतीयांश लिटरच्या आसपास.